म्हातारपणाच्या देखभालीचं आधीच प्लॅनिंग करून देणारी सेवा : माझा अनुभव

पाचपैकी चार स्टार, आणि कापलेला एक स्टार पण चांगला विचार करून कापलाय, कारण खाली आहे. सेवेचं नाव लिहीत नाहीये, असं काम करणारे बरेच आहेत, घेताना काय बघायचं ते कळलं की पुरे.

काम असं की आपण हिंडते-फिरते असतानाच हे लोक घरी येतात, आपल्याशी आणि घरच्यांशी बोलतात, घर बघतात, कागदपत्रं बघतात आणि उद्या आपलं आपल्याला करता येईनासं झालं तर कोण, कुठे आणि कुठल्या पैशातून सांभाळणार याचा लेखी प्लॅन करून देतात. मी अजून साठीची पण नाही, तब्येत छान आहे, त्यामुळे नवरा म्हणाला की आत्तापासून कशाला. पण अहो हे सगळं आपल्या सहीवर चालतं, आणि एकदा विसरायला होऊ लागलं, बोललेलं समजेनासं झालं की ती सही कुणी धरत नाही, मग निर्णय दुसरेच घेतात आणि आपल्याला काय हवं होतं ते त्या बिचाऱ्यांना माहीतच नसतं.

आलेल्या ताईंनी पैशांचा विषय आधी काढलाच नाही हे मला फार आवडलं. त्यांनी सहा कामं विचारली : आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाऊन येणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा, आणि हाताने जेवणं. ही यादी सिडनी कॅट्झ नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी सहकाऱ्यांबरोबर १९६३ साली मांडली आणि आजही माणसाला किती मदत लागते ते ठरवायला ही जगभर वापरतात. साधारणपणे आंघोळीला मदत सगळ्यात आधी लागते आणि जेवायला सगळ्यात शेवटी. मग दुसरी यादी काढली, १९६९ ची, लॉटन आणि ब्रॉडी यांची, त्यात फोन, खरेदी, स्वयंपाक, घरातली आवराआवर, कपडे धुणं, प्रवास, औषधं आणि पैशाचे व्यवहार. बऱ्याचदा आधी इथे गळती लागते आणि शरीर नंतर थकतं. त्यांनी मला विचारलं की तुमची बिलं भरायची राहायला लागली तर पहिलं कुणाला कळेल? मी गप्प झाले, कारण घरातले सगळे व्यवहार मीच बघते, म्हणजे कुणालाच कळणार नाही. आता लेकीला खात्याचे मेसेज जातात, व्यवहार करायचा अधिकार तिला दिलेला नाही, फक्त तिची नजर असावी एवढंच.

सगळ्यात भारी भाग म्हणजे घराची पाहणी, यासाठीच मी दुसऱ्यांना ही सेवा घ्या म्हणून सांगेन. ताई टेप घेऊन बाथरूममध्ये गेल्या, मला कमोडवर बसायला लावलं आणि म्हणाल्या, आता उठा, आणि उठताना तुमचा हात कुठे जातो ते बघा. हात गेला टॉवेलच्या रॉडवर. वर्षानुवर्षं तिथेच जात असणार, लक्षातच आलं नव्हतं. तो रॉड दोन बारक्या स्क्रूंवर आहे, ओला टॉवेल पेलतो तेवढंच, आणि मी त्याच्यावर अर्धं अंग टाकतेय. आधाराच्या दांडीने अख्ख्या माणसाचं वजन घ्यायला हवं, अमेरिकेतल्या नियमात २५० पौंड म्हणजे ११३ किलोचा जोर सहन झाला पाहिजे असं आहे, आणि ती नुसत्या टाइलमध्ये नाही तर मागच्या पक्क्या भिंतीत बसवावी लागते. मग दाराकडे वळल्या. आमचं दार आत उघडतं, म्हणजे आत कुणी पडलं आणि अंग दाराला टेकलं की बाहेरच्याला दार ढकलताच येणार नाही. किती साधी गोष्ट आहे, पण इतकी वर्षं राहून आमच्या कुणाच्या डोक्यात आली नव्हती. दाराची रुंदी पण कमी भरली, व्हीलचेअरला मोकळी अशी ऐंशी-एक सेंटीमीटर तरी लागते. बाकी खोल्या चटकन उरकल्या, उजेड, गालिचे, लोंबणाऱ्या वायरी वगैरे, ते कुठेही वाचायला मिळतं.

नंतर घरच्यांशी बोलणं, आणि ते प्रत्येकाशी वेगवेगळं, ही पद्धत अगदी बरोबर आहे कारण सगळ्यांसमोर प्रत्येकजण मी करीन मी करीन असंच म्हणतो. मुलाने स्पष्ट सांगितलं की पैसे, दवाखान्याची धावपळ, कागदपत्रं सगळं करीन पण आईला आंघोळ घालणं मला जमणार नाही. मला वाईट नाही वाटलं, उलट बरं वाटलं की आत्ताच कळलं, त्या कामाला माणूस ठेवायचा असं प्लॅनमध्येच लिहून टाकलंय. रात्री कोण उठणार हा प्रश्न पण ताईंनी सगळ्यांना विचारला. दिवसभराचं कसंतरी निभतं, सांभाळणारा मोडून पडतो तो झोप न मिळाल्यामुळे, हे मी सासूबाईंच्या वेळी जवळून बघितलंय.

कागदपत्रांचं काम पण व्यवस्थित केलं. बऱ्याच देशांच्या कायद्यात साधं मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की आपोआप संपतं, म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच त्याचा उपयोग नाही, हे मला इथेच कळलं. समज गेल्यावरही चालू राहील अशी सोय आपल्याकडच्या कायद्यात आहे का आणि कशी हे वकिलाकडून करून घ्या असं त्यांनी लिहून दिलं, आपण वकील असल्याचा आव आणला नाही. कुठले उपचार हवेत, कुठले नकोत याचं वेगळं पत्र करायला सांगितलं.

आता कापलेला स्टार. देखभालीच्या विमा पॉलिसीसाठी त्यांनी एका वेगळ्याच माणसाशी फोनवर गाठ घालून दिली आणि तो नुसता विकायला बसलेला. किती रक्कम मिळेल, प्रीमियम किती, यावरच गाडी फिरत राहिली. मी विचारत होते की सहापैकी किती कामं बंद पडल्यावर क्लेम मिळतो? बऱ्याच पॉलिसींत दोन असतात, काहींत तीन. ठरवणार कोण, माझा डॉक्टर की कंपनीचा? पहिले किती दिवस खर्च आपणच करायचा, कारण नव्वद दिवसांची अट कितीतरी ठिकाणी असते? महागाईबरोबर रक्कम वाढते का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हातपाय धड आहेत पण स्मृतिभ्रंश झालाय, एकटं सोडता येत नाही, अशा माणसाला काय मिळतं? जर्मनीत देखभालीचा सक्तीचा विमा १९९५ मध्ये आला तरी स्मृतिभ्रंशाला शारीरिक दुबळेपणाच्या बरोबरीने धरायला २०१७ उजाडलं, तेव्हा कुठे माणसाला किती देखभाल लागते ते ठरवणाऱ्या जुन्या तीन पातळ्यांच्या जागी पाच आल्या. आख्ख्या देशाच्या योजनेत एवढी वर्षं हे राहून जातं तर एका पॉलिसीच्या बारीक अक्षरांत काय काय राहिलं असेल, विचारायला नको? यातल्या एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर आलं नाही आणि तुम्हाला कमिशन मिळतं का म्हटल्यावर विषय बदलला. प्लॅन करणारा आणि पॉलिसी विकणारा यांच्यात पैशाचा संबंध असेल तर तो पहिल्याच दिवशी सांगायला हवा, आपण आयुष्याची कमाई यांच्या सांगण्यावर लावतोय.

तुम्ही घेणार असाल तर आधी नाव-गाव झाकलेला एखादा नमुना प्लॅन मागा. त्यात बाथरूमची मापं आणि रात्रीची सोय नसेल तर घेऊ नका. प्लॅन दर दोन वर्षांनी, आणि मधे कधी हॉस्पिटलमध्ये राहावं लागलं तर लगेच, परत बघायचा असं त्यांच्या करारात आहे, ते तुमच्याही करारात आहे ना ते तपासा.

आमच्याकडे दांडी बसली, दार बाहेर उघडतं, वकिलाचं काम चालू आहे. पॉलिसीचे प्रश्न मी मेलवर लेखी पाठवलेत, अजून उत्तर नाही, आलं की इथेच खाली टाकते आणि त्याप्रमाणे स्टार पण बदलते.