संक्रांतीचा आठवडा आणि मुंबई मॅरेथॉन: तीन दिवस भरायचं की एकच दिवस?

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे 15 ते 21 तारखेच्या दरम्यान येते. संक्रांत 14 किंवा 15 ला. त्यामुळे पोटाला सगळ्यात जास्त जपायचं, नेमकं तेव्हाच घरात गुळपोळ्या होतात आणि कोणीतरी तिळगूळ हातावर ठेवतं. पूर्ण 42.195 किलोमीटर पहिल्यांदाच पळणाऱ्याला या दिवसांत एक गोष्ट ठरवावी लागते: कार्ब-लोडिंग, म्हणजे शर्यतीआधी भात-साखरेसारखी कर्बोदकं वाढवून अंगात इंधन भरणं, गुरुवारपासून तीन दिवस करायचं, की एका दिवसात आटपायचं?

आधी ते करायचं कशासाठी, ते पाहू. कर्बोदकं शरीरात ग्लायकोजेन म्हणून साठतात. स्नायूंत आणि यकृतात मिळून हा साठा साधारण 400 ते 500 ग्रॅम असतो, म्हणजे दोन हजार कॅलरींच्या आसपास. 60 किलोच्या माणसाला पूर्ण मॅरेथॉनला अंदाजे अडीच हजार लागतात. काही भाग चरबीतून निघतो, तरी तिशीच्या पुढच्या किलोमीटरमध्ये साठा तळाला जायला लागतो. मुंबईत पेडर रोडचा चढ नेमका त्याच शेवटच्या टप्प्यात येतो, ऊनही वर आलेलं असतं. तिथे पाय उचलत राहावेत म्हणून हा खटाटोप.

1960च्या दशकात स्वीडनमध्ये निघालेली मूळ पद्धत कठोर होती: आधी काही दिवस कर्बोदकं जवळजवळ बंद, दमवणारा व्यायाम, आणि मग भरपूर खाणं. ती विसरा. उपासमारीचा टप्पा गाळला तरी साठा जवळपास तेवढाच भरतो, हे 1980च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसलं. त्यातून तीन दिवसांची सौम्य पद्धत रुळली. पुढे 2002 मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठातल्या संशोधकांनी सरावलेल्या खेळाडूंना पूर्ण विश्रांती देऊन दर किलो वजनामागे रोज 10 ग्रॅम कर्बोदकं खायला दिली. स्नायूंतला साठा पहिल्याच दिवसात भरला. पुढचे दोन दिवस तसंच खाऊनही आणखी वाढला नाही.

म्हणजे प्रयोगशाळेचा कौल एका दिवसाच्या बाजूने. पण ताटाचा हिशेब करून बघा. 60 किलोला 10 ग्रॅम म्हणजे दिवसात 600 ग्रॅम कर्बोदकं. दीडशे ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण 40 ग्रॅम असतात; म्हणजे असे पंधरा वाडगे! नुसतं जेवून हे होत नाही. कोकम सरबत, साखरेचं लिंबूपाणी, केळी, गूळ असं दिवसभर थोडं थोडं चालू ठेवावं लागतं. ज्यांचं पोट हे सोसतं त्यांना ठीक. बाकीच्यांना गच्च वाटतं, जुलाब होतात, झोप उडते.

तीन दिवसांच्या पद्धतीत किलोमागे 7 ते 8 ग्रॅम पुरतात, म्हणजे त्याच माणसाला 420 ते 480. सकाळी पोहे किंवा इडल्या, दोन्ही वेळा मऊ भात आणि पातळ वरण, मधल्या वेळी केळं किंवा ब्रेड-जॅम, एखादं सरबत. सगळं नेहमीचंच, फक्त भात वाढतो आणि तेल-तूप, उसळी, कच्च्या कोशिंबिरी, भाकरी कमी होतात. गुरुवारी अर्धी गुळपोळी खाल्लीत तर काही बिघडत नाही. शनिवारी नको: गूळ चालेल, पण त्यातलं तीळ, बेसन आणि वरचं तूप पोटात रेंगाळतं.

बायकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एकूण खाणं आधीच कमी असेल तर पोळी काढून भात वाढवल्याने साठा फारसा वाढत नाही, एकूण आहारच वाढवावा लागतो. तो एका दिवसात रेटण्यापेक्षा तीन दिवसांत पसरलेला बरा. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय दोन्हींपैकी काहीही करू नये.

आता शनिवार. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, शर्यतीआधी भरणाऱ्या एक्स्पोलाच (प्रदर्शनात) घ्यावं लागतं, शर्यतीच्या दिवशी मिळत नाही. पुणे-नाशिकहून शनिवारी येणाऱ्याचा दिवस प्रवासात, रांगेत आणि स्टॉल बघण्यात जातो. एका दिवसाची पद्धत टिकते ती विश्रांतीच्या जोरावर, आणि ती विश्रांतीच इथे हातची जाते. म्हणून तीच निवडायची असेल तर शुक्रवारी घरी बसून करा आणि शनिवारी भात-वरणावर राहा. मुंबईकरांनी बिब गुरुवारी किंवा शुक्रवारीच आणून ठेवावं.

माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या मॅरेथॉनला तीन दिवसच. एका दिवसाची पद्धत, एखाद्या लाँग रनच्या (सरावातल्या लांब पल्ल्याच्या धावेच्या) आदल्या दिवशी ज्यांनी करून पाहिली आहे आणि ज्यांचं पोट शांत राहिलं आहे, त्यांच्यासाठी. दोन्हींत वजन किलो-दोन किलोने वाढेल. ग्लायकोजेनबरोबर पाणीही साठतं. ते बघून शनिवारी जेवण कमी करू नका.

शनिवारचं रात्रीचं जेवण कोणत्याही पद्धतीत सातच्या आत उरका. हौशी धावपटूंची पूर्ण मॅरेथॉन पहाटे पाचच्या सुमारास सुटते, म्हणून अडीच-तीनला उठून थोडं खावं लागतं: झोपेत यकृतातला साठा उतरलेला असतो. केळं, ब्रेड-जॅम किंवा लाँग रनला जे पचलं आहे तेच. यजमानांनी प्रेमाने केलेल्या उपम्याचा मान शर्यतीनंतर ठेवा.