गामा नाइफनंतर दीड वर्ष: गाठ आटोक्यात, कान उतरला, आणि एका सीडीसाठीचं भांडण

गामा नाइफनंतर सहा महिन्यांनी काढलेल्या एमआरआयचा रिपोर्ट आला आणि त्याच्या शेवटच्या ओळीत छापलं होतं, "आधीच्या तुलनेत गाठीच्या आकारात वाढ." १२ मिलिमीटरची गाठ १६ मिलिमीटर झाली होती. गामा नाइफ, म्हणजे कवटी न उघडता गाठीवर नेमकं सोडलेलं रेडिएशन, घेऊन झालं, पैसे भरून झाले आणि वर गाठ वाढली. त्या रात्री घरात कुणाला जेवण गेलं नाही. हे सगळं मी मुख्यतः त्या एका ओळीसाठी लिहिते आहे. ती ओळ चुकीच्या स्कॅनशी तुलना करून लिहिली होती आणि ते सिद्ध करायला मला जेवढं भांडावं लागलं तेवढं कुठल्याच पेशंटवर येऊ नये.

अकूस्टिक न्यूरोमाचं (कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवरच्या, कॅन्सर नसलेल्या गाठीचं) निदान झालेल्यांना बाकीचं माहीत असेलच, म्हणून थोडक्यात सांगते. डावा कान, कूस ग्रेड २ (गाठ किती पसरली त्याची पायरी), म्हणजे गाठ हाडाच्या नळीतून बाहेर डोकावलेली पण ब्रेनस्टेमला, म्हणजे मेंदूच्या देठाला, न टेकलेली. आधी नुसतं लक्ष ठेवलं. वर्षभराने ती वाढलेली दिसली, तेव्हा गामा नाइफ ठरलं. गाठीच्या कडेला १२ ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं माप), एकाच बैठकीत.

आता त्या १२ मिलिमीटरबद्दल. हा आकडा निदानाच्या वेळचा होता, कारण स्कॅन सेंटरकडे माझी तेवढीच जुनी फिल्म होती. मधल्या काळात गाठ वाढली म्हणून तर उपचार घेतला! उपचाराच्या दिवशी सकाळी डोक्याला फ्रेम लावून जो एमआरआय काढतात, त्यात ती १५ भरली होती. म्हणजे उपचारानंतरचा खरा फरक ४ नाही, १ मिलिमीटर. २ मिलिमीटरपर्यंतचा फरक डॉक्टर सहसा वाढ म्हणून धरतच नाहीत, कारण मोजणाऱ्याचा हात आणि कापांची (एमआरआय डोक्याची चित्रं ज्या पातळ थरांत काढतो त्यांची) जाडी बदलली तरी एवढा फरक पडतो. रिपोर्ट लिहिणाऱ्याने "तुलना निदानाच्या वेळच्या स्कॅनशी" एवढे शब्द घातले असते तरी आमची ती रात्र वाचली असती.

उपचाराच्या दिवसाचा स्कॅन मागायला गेले तर काउंटरवर उत्तर मिळालं, "मॅडम, ती प्लॅनिंगची इमेज आहे, पेशंटला देत नाही." स्कॅन माझ्या डोक्याचा, पैसे मी भरलेले, आणि मलाच देत नाहीत. रेकॉर्ड विभागात गेले तर म्हणाले, लिंक पाठवली होती. ती लिंक केव्हाच बंद पडलेली. लेखी अर्ज दिला, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली, तेव्हा सीडी मिळाली. घरी उघडून पाहिली तर त्यात निवडक जेपीजी चित्रं. जेपीजी म्हणजे नुसता फोटो, त्यावर मोजमाप होत नाही. डायकॉम फाइल लागतात. त्यात प्रत्येक काप असतो, कापाची जाडी असते, आणि डॉक्टर स्क्रीनवर रेघ ओढून गाठ मोजू शकतात. पुन्हा गेले, पुन्हा अर्ज केला. मधल्या काळात स्कॅन सेंटरवाले मला काँट्रास्टसह (शिरेतून औषध देऊन, ज्याने गाठ उठून दिसते) स्कॅन परत करून घ्या, पूर्ण पैसे भरून, असं सांगत होते. फायली मिळाल्यावर त्याची गरजच उरली नाही. पैसे वाचले याचा आनंद झाला, पण ते मागितले याचा राग अजून गेलेला नाही.

न्यूरोसर्जननी दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावून दाखवले. गाठीचा मधला भाग, जो आधी काँट्रास्ट घेऊन पांढराशुभ्र दिसायचा, तो काळसर झाला होता. रेडिएशननंतर आतल्या पेशी मरायला लागतात, रक्तपुरवठा कमी होतो, आणि त्या काळात गाठ थोडी सुजते. सहा ते अठरा महिन्यांत अशी सूज बऱ्याच जणांना येते, काहींची दोन-तीन वर्षंही टिकते. तेवढ्यावरून उपचार फसला असं ठरवत नाहीत, ऑपरेशनची घाई तर अजिबात करत नाहीत. हे मला गामा नाइफच्या आधी कुणीतरी बसवून सांगायला हवं होतं. संमतीपत्रात एका ओळीत असेलही, पण त्या दिवशी ती ओळ कोण वाचतं?

उपचाराचा दिवस स्वतःच फार त्रासाचा नव्हता. भुलीची इंजेक्शनं चावतात. मग चार स्क्रू आवळताना कवटी दोन्हीकडून दाबली जातेय असं वाटतं, आणि काही मिनिटांत तो दाब जाणवेनासा होतो. केस कापत नाहीत. मशीनच्या आत आवाज नाही, उष्णता नाही, काही कळतच नाही. नव्या मशीनमध्ये कोबाल्ट-६० चे १९२ स्रोत असतात. एकटा किरण कमजोर असतो, सगळे जिथे एकत्र येतात तिथेच मोठा डोस बसतो. कोबाल्टचं अर्धायुष्य सव्वापाच वर्षांच्या आसपास, त्यामुळे तो जुना झाला की ठरलेला डोस पुरा व्हायला जास्त वेळ पडून राहावं लागतं. माझ्या वेळी तो जुनाच होता आणि पाठ भरून आली. खरं दुखलं ते फ्रेम काढताना. मागच्या उजव्या स्क्रूच्या जागी नाण्याएवढा भाग अजून बधिर आहे, कंगवा फिरवला की कळतं. फ्रेम नको असेल तर चेहऱ्यावर घट्ट बसणाऱ्या मास्कवर तीन ते पाच बैठकींतही करतात, हे विचारून घ्या.

मला सगळ्यात जास्त भीती चेहऱ्याच्या नसेची होती, कारण ती या गाठीला चिकटूनच जाते. स्वीडनचे न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांनी रेडिओसर्जरीची (सुरीऐवजी किरणांनी उपचार, गामा नाइफ त्यातलाच) कल्पना १९५१ मध्ये मांडली आणि अशा गाठीवर पहिला उपचार १९६९ मध्ये स्टॉकहोमला झाला. सुरुवातीच्या काळात डोस बराच जास्त असायचा आणि चेहरा वाकडा होण्याचं प्रमाणही मोठं होतं. पुढे तो १२-१३ ग्रेवर आणला. गाठ तरीही थांबते, दहातल्या नऊहून जास्त जणांची, आणि चेहरा जवळजवळ सगळ्यांचा शाबूत राहतो. मला आठव्या महिन्याच्या सुमारास डावी पापणी फडफडायची. काही आठवड्यांत थांबली.

तोल मात्र बिघडला. डोक्यावरून पाणी घेताना डोळे मिटले की शरीर डावीकडे कलायचं, नळ धरून उभं राहावं लागायचं. त्यावर गोळ्या घेत बसू नका, व्हेस्टिब्युलर, म्हणजे तोल सुधारायचे, व्यायाम शिकून घ्या. नजर एका ठिपक्यावर ठेवून मान हलवायची, एवढा साधा व्यायाम आहे, पण रोज केला तर मेंदू उजव्या बाजूच्या भरवशावर चालायला शिकतो. मला त्याचा सगळ्यात मोठा फायदा झाला.

इथपर्यंतचं मी पहिल्या वर्षात तुकड्या-तुकड्यांनी लिहून ठेवलं होतं. आता दीड वर्षाचा स्कॅन झालाय, त्यामुळे मत बदलून लिहिते.

गाठ १४ आहे. या वेळी रिपोर्टमध्ये घनफळही दिलंय आणि तुलना उपचाराच्या दिवसाशीच केली आहे, कारण फायलींचा पेन ड्राइव्ह मी सोबत नेला होता. म्हणजे गाठीपुरतं गामा नाइफने काम केलं. पहिल्या वर्षी रागात मी दोन-तीन जणांना "ऑपरेशनच बरं" असं म्हटलं होतं, ते आता म्हणणार नाही. गाठ मोठी असेल, ब्रेनस्टेमला दाबत असेल, तर ऑपरेशनला पर्याय नाही, पण माझ्यासारख्या गाठीला कवटी उघडायची गरज नव्हती.

कानाबद्दलचं मत मात्र खाली आलंय. उपचाराआधी त्या कानाने फोनवर बोलणं कळायचं. आता आवाज येतो, शब्द सुटे होत नाहीत. ऑडिओग्राममध्येही (ऐकण्याच्या तपासणीत) शब्द ओळखण्याचे गुण प्रत्येक वेळी कमी भरतात. कॉक्लियाला (आतल्या कानातल्या, ऐकण्याच्या भागाला) सरासरी ४ ग्रेपेक्षा कमी डोस जाईल असं प्लॅन करतात, तरी वर्षं जातील तसं ऐकणं उतरतच जातं. दहा वर्षांनंतर कामापुरतं ऐकू येणारे निम्म्याहून कमी उरतात. कानातला शीं आवाजही तसाच आहे. गामा नाइफ गाठ थांबवायला असतं. गेलेलं ऐकणं परत येईल किंवा आवाज बंद होईल या आशेवर कुणी घेत असेल तर घेऊ नका.

आणि ज्यांची गाठ लहान आहे, त्यांनी नॉर्वेतला अभ्यास डॉक्टरांपुढे जरूर काढावा. तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. १०० पेशंट होते, निम्म्यांना लगेच रेडिओसर्जरी, निम्म्यांवर नुसतं लक्ष. चार वर्षांनी पहिल्या गटातल्या गाठी जास्त आकसलेल्या होत्या, पण ऐकणं, तोल, रोजचं जगणं यांत फरक दिसला नाही. लक्ष ठेवलेल्यांतल्या बऱ्याच जणांना तेवढ्या काळात उपचार लागलाच नाही. माझी गाठ वर्षात ३ मिलिमीटर वाढली होती, म्हणून मी थांबले नाही. तुमची वाढत नसेल तर निदानाच्या आठवड्यातच तारीख घ्यायचं काही कारण मला दिसत नाही.

सध्या क्रॉस नावाचं कानाचं मशीन ट्रायलवर घेतलंय. डावीकडचा आवाज उजव्या कानात आणून सोडतं. जेवायच्या टेबलावर डावीकडे बसलेल्याचं बोलणं कळायला लागलंय, पण गर्दीत सगळा गोंगाटही त्याच एका कानात येतो. किंमत पाहता ट्रायल संपेपर्यंत विकत घेणार नाही. तीन-चार महिने वापरलं की त्याचं वेगळं लिहीन.