कियांती की लांगे? इटलीतील कौटुंबिक द्राक्षमळ्याची निवड करताना

इटलीत एखाद्या द्राक्ष उत्पादक कुटुंबाकडे जाऊन त्यांचा मळा आणि वाइनचे तळघर पाहायचे ठरवले, की दोन प्रदेश हमखास पुढे येतात. एक, तोस्कानात फ्लॉरेन्स आणि सिएना या शहरांच्या मधला कियांती क्लासिको. दुसरा, वायव्येकडील पिएमोन्तेमध्ये आल्बा या गावाभोवती पसरलेला लांगे. एका आठवड्यात दोन्हींची धावपळ करण्यापेक्षा एकच निवडावा आणि तिथे निवांत राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणता निवडावा, हे मात्र निसर्गसौंदर्यावरून ठरवू नये, कारण त्यात दोन्ही तोलामोलाचे आहेत. खरा फरक तिथल्या कुटुंबांचे जमिनीशी जे नाते आहे, त्यात आहे.

कियांतीत जमीन पिढ्यानपिढ्या बड्या जमीनदारांची होती आणि कुळे ती अर्धेलीने, म्हणजे पिकाचा अर्धा वाटा मालकाला देऊन, कसत असत. दुसऱ्या महायुद्धानंतर ही शेतकरी कुटुंबे शहरांकडे वळू लागली, 1964 च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार करण्यास बंदी आली, आणि टेकड्यांवरची दगडी घरे ओस पडत गेली. पुढे जुन्या घराण्यांनी आणि बाहेरून आलेल्या नव्या मालकांनी ती दुरुस्त करून घेतली. आज पाहुण्यांना मुक्कामासाठी ज्या खोल्या मिळतात, त्यांपैकी अनेक मूळच्या या कुळांच्या घरांतल्या आहेत. त्यामुळे येथील कौटुंबिक मळा पुष्कळदा ऐसपैस असतो: द्राक्षांच्या जोडीला ऑलिव्हची झाडे, राहण्याची सोय आणि अंगणात जेवण. ब्रोलियोचा किल्ला आणि त्याभोवतीची जमीन रिकासोली घराण्याकडे 1141 पासून आहे, यावरून तिथल्या घराण्यांचा पसारा लक्षात यावा.

लांगेत चित्र निराळे आहे. तिथे जमिनीचे तुकडे लहान आहेत आणि मालक बहुधा स्वतःच कसतो. पूर्वी ही कुटुंबे आपली द्राक्षे व्यापाऱ्यांना विकून मोकळी होत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांतील अनेकांनी स्वतःच्या नावाने बाटल्या भरायला सुरुवात केली. म्हणूनच खाली तळघर आणि वर राहते घर अशी मांडणी तिथे सर्रास दिसते, आणि तुमच्या पेल्यात वाइन ओतणारी व्यक्तीच सकाळी वेलींमध्ये राबून आलेली असण्याची शक्यता अधिक असते. नाशिक किंवा तासगावकडच्या बागायतदाराला हे वातावरण चटकन आपलेसे वाटेल. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडीबहार छाटणी अशा दोन छाटण्या होतात. तिथे कडाक्याच्या थंडीत वेल सुप्तावस्थेत जातो आणि त्या काळात एकदाच छाटला जातो, हा फरक त्यांच्याच तोंडून ऐकण्यासारखा आहे.

वाइनच्या बाबतीत कियांती क्लासिकोमध्ये किमान 80 टक्के सांजोवेझे द्राक्ष असावे लागते. अकलूजच्या फ्रातेल्ली या वाइन कंपनीने तोस्कानातील भागीदारांच्या साथीने हेच वाण आपल्याकडे लावले आहे, त्यामुळे काही मराठी वाचकांना त्याची चव परिचित असेल. लांगेतील बारोलो ही वाइन मात्र निव्वळ नेब्बिओलो द्राक्षाची असते आणि ती किमान 38 महिने, त्यांतले 18 लाकडी पिंपांत, मुरवावी लागते. रंग फिका, विटकरी छटेकडे झुकणारा. पण घोट घेताच कच्ची सुपारी चावल्यासारखा तुरटपणा हिरड्यांवर पसरतो. पारंपरिक पिंपे बरेचदा माणसाहून उंच असतात आणि त्यांच्या तळाशी एक छोटे दार असते, ज्यातून अंग चोरून आत शिरून पिंप घासावे लागते. ते दार उघडून दाखवण्याची विनंती अवश्य करावी. ज्यांना वाइनची फारशी सवय नाही, त्यांना कियांती अधिक सोपी जाईल. लांगेत त्यांनी गोडसर, कमी मद्यांशाच्या मोस्कातो द आस्तीपासून सुरुवात करावी.

शाकाहारी मंडळींसाठी कियांतीच सोयीची आहे. पाव आणि भाज्यांची रिबोल्लिता, टोमॅटोची पाप्पा अल पोमोदोरो, घेवड्याचे पदार्थ तिथे घरोघरी होतात. रश्शात मांस नाही ना, एवढे विचारून घ्यावे. लांगेत ताजारिन या शेवयांमध्ये अंड्याचा बलक भरपूर असतो, आन्योलोत्ती या सारण भरलेल्या पास्त्यात बहुधा मांस असते आणि बान्या काउदा या भाज्यांसोबतच्या सॉसमध्ये मासे असतात.

प्रवासात लांगे थोडा उजवा ठरतो: तुरिनहून आल्बापर्यंत रेल्वे आहे, आणि ला मोर्रा, बारोलो ही गावे जवळजवळ असून मळ्यांमधून पायवाटांनी जोडलेली आहेत. कियांतीत फ्लॉरेन्सहून ग्रेव्हे या गावापर्यंत बस मिळते, पण आडवाटेच्या मळ्यांसाठी गाडी हवीच. गाडी चालवणाऱ्याने वाइन तोंडात घोळवून थुंकावी. तशी सोय सगळीकडे असते आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नाही.

थोडक्यात, मुले, वडीलधारी मंडळी आणि शाकाहारी जेवण सांभाळायचे असेल, तर कियांतीत एकाच मळ्यावर मुक्काम करावा. दोघे-तिघे असाल आणि शेती व वाइन हाच हेतू असेल, तर मी निःसंशय लांगे सुचवेन. फक्त ऑक्टोबरमध्ये जाताना जपून ठरवावे: नेब्बिओलोची तोडणी साधारण त्याच सुमारास चालते, लहान कुटुंबाला पाहुण्यांसाठी उसंत नसते, आणि ट्रफल या सुगंधी, महागड्या भूछत्राच्या हंगामामुळे आल्ब्यात खोल्याही महागतात. मे किंवा जूनमध्ये, आगाऊ ईमेल करून वेळ ठरवली आणि दुपारच्या जेवणाची वेळ टाळली, तर तेच कुटुंब तुमच्याशी तासन् तास बोलेल.