कुरणावर कोणाला सोडायचं: गाय, मेंढी, घोडा की शेळी?

कुरणासाठी जनावर निवडताना बहुतेक जण दूध, मांस, लोकर यांचा हिशेब मांडतात. माझं सांगणं असं, की आधी गवताचा एक ठोंब मुळासकट उपटून पाहा. गवताला सोटमूळ नसतं, तंतुमुळांचा झुपका असतो आणि त्याचं पोषण वरच्या पात्यांवर चालतं. अमेरिकेत फ्रँक्लिन क्रायडर यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग यासाठी फार मोलाचे आहेत. निम्मा पाला कापला तरी मुळांची वाढ जवळपास चालूच राहिली. ८० टक्के कापल्यावर मात्र ती सुमारे १२ दिवस पूर्ण थांबली. म्हणून जनावर गवत किती खालून तोडतं, हे आधी बघायचं.

गायीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती जिभेचा वेढा घालून गवत ओढून तोडते, त्यामुळे बुडाशी थोडं पातं उरतं आणि ठोंब सावरतो. उंच, ठोंबाने वाढणाऱ्या गवतासाठी मी गायच निवडेन. तिचं वजन मात्र विसरू नका: ओल्या जमिनीत खुरांनी माती दबते, मग मुळांना हवा मिळत नाही.

मेंढीही वरच्या दातांविनाच चरते, पण तिचा वरचा ओठ मधोमध दुभंगलेला आणि चपळ असतो. ती थेट जमिनीलगत पोचते आणि कोवळं तेवढं वेचून खाते. हरळीला हे सोसतं, कारण तिची जमिनीलगत धावणारी आणि जमिनीखालची खोडं सहसा तोंडाला लागत नाहीत. ठोंबाच्या गवतावर मेंढ्या फार दिवस ठेवल्या तर ते विरळ होतं.

घोड्याचे पुढचे दात वर-खाली दोन्हीकडे असतात. तो आवडीची जागा पार खरवडतो आणि जिथे लीद पडते तिथलं गवत टाळतो. लहान कुरणात एकटा घोडा मला सर्वांत अवघड वाटतो.

शेळीला मुळात झुडपांचा पाला हवा असतो. निव्वळ गवताच्या रानात ती नको. काटेरी झुडपं माजली असतील तर तिच्यासारखं कोणी नाही.

एकच प्रकार ठेवायची सक्ती नसेल तर घोड्यामागून गायी सोडा. घोड्याने टाळलेलं गवत त्या खातात, आणि दोघांच्या पोटातले बहुतेक जंत वेगवेगळे असतात, म्हणून कुरणावरून ते एकाकडून दुसऱ्याला सहसा लागत नाहीत. मेंढी-शेळी मात्र एकामागून एक सोडू नका, त्यांचे जंत बरेचसे एकच असतात. जनावर कोणतंही असो, गवत बोटाच्या लांबीएवढं उरलं की जागा बदला आणि नवी पाती उंच होईपर्यंत तिकडे परत नेऊ नका.