खिडकी झकास, पण ओपनिंग कोणाचं?

नागपुरात मानेवाड्याला आमचं घर तीसेक वर्षांचं, नऊ इंची विटांच्या भिंती, सागवानी चौकटींना खालून वाळवी लागलेली, म्हणून तीन खिडक्या यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या चौकटीच्या, करायच्या ठरवल्या. दुकानाचं नाव नाही घेत, कारण अर्धी चूक माझीपण आहे, कोटेशनखाली बारीक अक्षरात 'सिव्हिल काम वेगळं', म्हणजे खिडकीसाठी भिंतीत असलेल्या ओपनिंगची तोडफोड-दुरुस्ती वेगळी, असं लिहिलं होतं ते मी वाचलंच नाही.

माप घ्यायला जो पोरगा आला त्यानं जुनी चौकट असतानाच मधोमध एकदा टेप लावला, चार बाय चार लिहिलं अन् निघाला. रुंदी वर-मध्ये-खाली अशी तीनदा घ्यायची, उंचीपण तीनदा, त्यातलं सगळ्यात कमी माप धरायचं आणि दोन्ही कर्ण सारखे आहेत का बघायचं, हे मला नंतर कळलं. चौकट उपटताना होल्डफास्टसकट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) विटा निघाल्या, आणि पहिली खिडकी आली तर एका बाजूला बोट जाईना, दुसऱ्या बाजूला चार बोटं आरामात! पोरगा म्हणतो, ताई टेन्शन नका घेऊ, फटीत फुगणारा फोम मारून देतो. म्हटलं बापा, फोम म्हणजे भिंत आहे का? उन्हात पिवळा पडून भुगा होतो त्याचा, आणि इथं एप्रिलात ४४ डिग्री.

दोन दिवस भांडल्यावर त्यांनी त्यांचे म्हातारे मिस्त्री पाठवले, आणि हे चार स्टार त्यांचेच. उरलेल्या चौकटींचे उभे दांडे मधून आरीनं कापून सब्बलीनं आत ओढले, एक वीट हलली नाही. फुटक्या कडा झाडून, पाणी मारून, विटांचे तुकडे अन् एकास चार सिमेंट-वाळूचा माल लावून गुण्या-ओळंब्यात, म्हणजे काटकोनात अन् सरळ, उभ्या केल्या. खिडकीखालच्या ग्रॅनाइटच्या पट्टीला बाहेरच्या बाजूला उतार दिला, ती भिंतीच्या दीड इंच बाहेर काढली आणि तिच्या पोटाला ग्राइंडरनं एक खाच मारली, म्हणजे पावसाचं पाणी खालून परत भिंतीकडं वळत नाही, खाचेपाशीच टपकतं. तीन दिवस ओली पोती लटकवायला लावली. मग कुठं चारी बाजूंनी जेमतेम एक सेंटिमीटर गॅप ठेवून पॅकर (फटीत बसवायचे छोटे तुकडे), स्क्रू, फोम आणि बाहेरून सिलिकॉन. हॉलची खिडकी फूटभर रुंद करा म्हटलं तर सरळ नाही म्हणाले, "ताई, लिंटल, म्हणजे खिडकीवरची आडवी तुळई, दोन्हीकडं सहा इंच तरी भिंतीवर टेकलेला पाहिजे, भिंतच कापली तर टेकणार कशावर?"

एक स्टार कापला तो कूलरसाठी. बेडरूमच्या खिडकीत दरवर्षी कूलर लागतो आणि दोन ट्रॅकची स्लायडिंग अर्धीच उघडते, कूलरचं तोंड मावणार कुठं? नागपुरात खिडक्या विकता राजेहो, अन् एकानंही विचारलं नाही! ती खिडकी आता पूर्ण उघडणारी, दोन पाखांची बनून यायचीय, तोवर ओपनिंगला ताडपत्री बांधलीय आणि कूलर तिच्यातून तोंड काढून बसलाय.