आरबीट्रे: क्रोम नजरेआड करण्यापुरतं उत्तम

नागपुरातल्या इतवारी-गांधीबागच्या होलसेल दुकानांत एकाच कॉम्प्युटरवर बिलिंग चालतं आणि व्हॉट्सअ‍ॅप वेबवर ऑर्डरीही येतात. क्रोमची विंडो टास्कबारवर दिसली की काउंटरवरचा पोरगा ती बंद करून मोकळा होतो. त्यावर आरबीट्रे हा विंडोजसाठीचा फुकट, ओपन सोर्स प्रोग्रॅम चांगला उपाय आहे. विंडो टास्कबारवरून जाते आणि घड्याळाजवळच्या ट्रेमध्ये तिचा आयकॉन येतो. त्यावर एक क्लिक केलं की विंडो परत.

इन्स्टॉलेशन नाही. ६४ बिट विंडोजसाठी ६४ बिटची आवृत्ती घ्या. आरबीट्रेची ईएक्सई आणि आरबीहुकची डीएलएल या दोन्ही फाइल एकाच फोल्डरमध्ये हव्यात. विंडो ट्रेमध्ये पाठवायला मिनिमाइझच्या बटणावर राइट क्लिक करायचं. क्रोम आपली टायटल बार स्वतःच आखतो, त्यामुळे तिथे हा क्लिक कधीकधी लागत नाही. अशा वेळी विंडोज, ऑल्ट आणि खालचा बाण एकत्र दाबा. विंडोज ११ नवा आयकॉन वरच्या बाणामागे दडवतं. तो ओढून बाहेर आणून ठेवा, नाहीतर दुकानदार ‘क्रोम गायब झालं’ म्हणून फोन करणारच.

खरी गोम पुढे आहे. आरबीट्रे विंडो फक्त लपवतो, टॅब जागा ठेवणं त्याच्या हातात नाही. क्रोमचा मेमरी सेव्हर न वापरलेला टॅब मेमरीतून काढून टाकतो. म्हणून सेटिंग्जमधल्या परफॉर्मन्समध्ये जाऊन, कायम चालू ठेवायच्या साइट्सच्या यादीत व्हॉट्सअ‍ॅप वेबचा पत्ता घाला. तरीही लपलेल्या पानाचे टायमर, म्हणजे पान ठरावीक वेळाने स्वतः करतं ती कामं, क्रोम मंदावतो: २०२१ च्या ८८ व्या आवृत्तीपासून, पाच मिनिटं लपलेल्या पानावर ते मिनिटाला एकदाच चालू शकतात. दर काही सेकंदांनी स्वतः ताजं होणारं बाजारभावांचं पान असेल तर ते ट्रेमध्ये टाकूच नका. आणि कॉम्प्युटर स्लीपमध्ये गेला की सगळंच थांबतं. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप ‘नेव्हर’ करा.

क्रोमच्या सिस्टिम सेटिंगमधला ‘बंद केल्यावरही बॅकग्राउंड अ‍ॅप्स चालू ठेवा’ हा पर्याय यासाठी सांगणारे बरेच भेटतात. त्याने टॅब उघडा राहत नाही, विंडो बंद केली की टॅबही गेला.

आरबीट्रेची सर्वांत मोठी उणीव म्हणजे स्मरणशक्ती. लाइट जाऊन मशीन पुन्हा सुरू झालं की आधी काय लपवलं होतं ते त्याला आठवत नाही. स्टार्टअप फोल्डरमध्ये त्याचा शॉर्टकट टाका, क्रोमची सुरू होतानाची सेटिंग ‘सोडलं तिथून पुढे’ वर ठेवा, पण ट्रेमध्ये विंडो हातानेच पाठवावी लागते. आरबीट्रे बंद करताना त्याने ट्रेमध्ये आणलेल्या कुठल्याही आयकॉनवर राइट क्लिक करून एक्झिट निवडा, लपवलेल्या विंडो परत येतात. टास्क मॅनेजरमधून मारला तर त्या लपलेल्याच राहतात. मग क्रोम पूर्ण बंद करून उघडण्यावाचून गत्यंतर नाही.