कोर्टाऐवजी लवादाकडे गेलो: एका फॅब्रिकेटरचा अनुभव (पाचपैकी चार तारे)

शेडच्या कामाचे चौदा लाख पार्टीने, म्हणजे काम देणाऱ्या कंपनीने, अडवून ठेवले होते. म्हणे, पर्लिन (छताचे पत्रे ज्यांवर बसतात त्या आडव्या लोखंडी पट्ट्या) पातळ वापरल्या. वर्क ऑर्डरच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात अट होती की वाद झाल्यास कंपनीचे संचालकच लवाद, म्हणजे कोर्टाबाहेर निवाडा देणारे. म्हणजे पक्षकारही तेच, न्यायाधीशही तेच! आमच्या वकिलांनी नोटिशीत 1996 च्या लवाद कायद्याचं कलम 12(5) दाखवलं. 2015 च्या दुरुस्तीपासून असं चालत नाही. मग दोघांच्या संमतीने बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंते ठरले, लवाद नेमून घ्यायला हायकोर्टात अर्ज करायची वेळ आली नाही.

फी आधी सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. कायद्याच्या चौथ्या परिशिष्टाप्रमाणे चौदा लाखांच्या दाव्याला 76,500, लवाद एकटाच असला की वर पंचवीस टक्के. एकूण 95,625, निम्मे आमचे. वकील वेगळा. दोन-तीन लाखांच्या बिलासाठी हा खटाटोप परवडणार नाही, स्पष्टच सांगतो.

पण माणूस जाणकार निघाला. दुसऱ्याच तारखेला साहेब साइटवर आले, शिडी लावून वर चढले. पर्लिनवरचा रंग ब्लेडने खरवडला आणि खिशातून व्हर्नियर काढून जाडी मोजली. नुसत्या रंगावरून मोजलं असतं तर आकडा फुगला असता आणि समोरच्या वकिलाने तेच धरलं असतं. चार ठिकाणी 2 मिमी, ड्रॉइंगप्रमाणेच. कोर्टात हे समजावून सांगायला साक्षीदार, उलटतपासणी आणि किती तारखा लागल्या असत्या, देव जाणे.

बाकी कामकाज कंटाळवाणं. कागद, कागद आणि पुन्हा कागद. काटा पावत्या (वजनकाट्यावर मालाचं वजन केल्याच्या) जपून ठेवल्या होत्या म्हणून बरं. दोन पावत्यांवर गाडी नंबर नव्हता, तेवढं वजन साहेबांनी वगळलं. मला ते पटलं नाही, पण कलम 34 खाली निवाड्याला आव्हान द्यायला कोर्टात गेलं तरी पुरावा नव्याने तपासत नाहीत, म्हणून गप्प बसलो. हीच गोष्ट पार्टीलाही लागू.

निवाडा 11 लाख 20 हजार अधिक व्याज. एक तारा कापला तो नंतरच्या वसुलीसाठी. आव्हानाची तीन महिन्यांची मुदत संपेपर्यंत पार्टी फोन उचलेना. अंमलबजावणीच्या अर्जाची प्रत पाठवली, तेव्हा आरटीजीएस आलं. त्यातूनही टीडीएस कापलाच.